अलख एकदाच

"पण भ्यायचं कुणाला? समोर तर कुणी माणूस नसतं."

मठातले बाळनाथ गोसावी खरंच विचारत होते. वय ऐंशीच्या पुढं, फोन कधी हातात धरलेला नाही.

शर्मिष्ठा हसली. हसण्यात थोडी कीव होती. ती इंग्रजीतून ब्लॉग लिहायची, म्हणजे आपलं लिहिलेलं फोनवरून जगापुढं टाकायची. अकरा देशांत वाचक आहेत, हे तिनं आल्या आल्या सांगून घेतलं होतं.

तिनं समजावलं. टाकलं की छाती धडधडते. एकटी तीच नाही, तिच्या ओळखीच्या देशोदेशीच्या लिहिणाऱ्या बायकांचंही तसंच. जपानातली चुकीला भिते, एकेक शब्द वीसदा तपासते. नायजेरियातली चुलत्यांना भिते, ते घरी येऊन आईला बोल लावतात. ब्राझीलची भिते ती कुणी काहीच बोललं नाही तर म्हणून.

"मग टाकल्यावर करतात काय?"

"फोन पालथा ठेवतात."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

बाबांना याचं मोठं नवल वाटलं. बाया कुठल्या कुठल्या, आणि हात एकीसारखा दुसरीचा.

"आणि तू?"

"मी काढून टाकते."

तिची मुलगी दोन महिन्यांची असतानाच वारली होती. त्या दिवशी तिला रडू आलं नाही. घरच्यांनी अजून तो टोमणा सोडलेला नाही. तेच तिनं लिहिलं होतं, वर नाव दिलं होतं 'मी रडले नाही'. सात वेळा टाकलं, सातही वेळा कुणी वाचायच्या आत पुसलं.

त्यातल्या एका वेळी मात्र पुसायला क्षणभर उशीर झाला. इजिप्तच्या सलमा नावाच्या बाईनं लगेच लिहिलं, मलाही रडू आलं नव्हतं, तुमच्या लेखाचं नाव दिसलं, उघडलं तर पान नाही, काय लिहिलं होतं?

"घाम फुटला हो बाबा मला. शेवटी बघितलंच कुणीतरी."

"काय सांगितलंस तिला?"

"सांगणार काय? गप्प बसले."

शर्मिष्ठा पुढं सरकून बसली.

"मला ते टाकायचंय, बाबा. ते आत ठेवून जगवत नाही. भीती जाईल असा मंत्र द्या."

बाबांनी खुंटीवरची झोळी काढून तिच्या खांद्याला अडकवली. म्हणाले, सकाळची भिक्षा आज तू माग.

त्या मठाची रीत साधी. दारात 'अलख' अशी हाक द्यायची, एकदाच. मग खाली बघत उभं राहायचं. बाई भाकरी देईल नाहीतर पुढं व्हा म्हणेल. काय म्हणेल ते ऐकल्याशिवाय हलायचं नाही.

शर्मिष्ठाला हे अगदीच सोपं वाटलं. इस्त्रीची साडी, झोळी, आणि मागं वीस पावलांवर बाबा. गिरणीवाला भानुदास दारात उभा राहून बघत होता.

पहिलंच दार. ती ओरडली, "अलख!"

आतून भांडं वाजलं. कुणीतरी उठलं.

शर्मिष्ठाच्या मनात आलं, ही मला काय समजेल? चांगल्या घरची बाई, आणि भीक? तिनं पदर सावरला आणि पळत गिरणीच्या भिंतीआड गेली.

"बाबा, चेली पळाली की तुमची," भानुदास म्हणाला.

बाबा सावकाश येऊन तिच्याशेजारी उभे राहिले.

दारात बाई आली. हाताला पीठ, हातात तव्यावरची गरम भाकरी. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ओट्यावरून खाली उतरून रस्त्यापर्यंत आली. कोण होतं गं, असं कुणालाच न उद्देशून विचारलं. भाकरी हाताला पोळत होती, ती या हातातून त्या हातात घेत राहिली.

"जाईल आत..." शर्मिष्ठा पुटपुटली.

बाई आत गेली नाही.

"जाईल की आता. किती वेळ उभी राहील?"

बाबांनी तिच्याकडं बघितलं. मघाशी 'भ्यायचं कुणाला' म्हणून खरंच विचारलं होतं, तसंच विचारलं.

"आणि ती सलमा... ती गेली का आत?"