वाट सोडा, मल्हू रांगतोय!

हं, बसा सगळे. पण पाय पसरू नका बरं का! या गोष्टीत जिकडेतिकडे ओली सुगडं मांडलेली आहेत, आणि कुणाचा पाय लागला तर मी गोष्ट तिथेच बंद करीन.

सुगडं म्हणजे संक्रांतीची ती पिटुकली मडकी. आई त्यांत बोरं भरते, गाजर, ऊस, हरभऱ्याचे घाटे भरते, ती. ती काही आभाळातून पडत नाहीत. कुंभार ती चाकावर घडवतो, मग वाळवतो, मग भाजतो. आणि वाळवायची ती सावलीतच हं! उन्हात ठेवली की तडकलीच म्हणून समजा.

आता तुळजाच्या घरी सावली होती ती फक्त घरातच. खोली एक. कोपऱ्यात चूल, चुलीपाशी आई, आणि उरलेल्या सगळ्या जमिनीवर सुगडंच सुगडं. बाहेर अंगणात आबांचं चाक. तुळजा ही त्या आबा कुंभारांची लेक. अंगावर ठिगळाचं परकर-पोलकं, पायात काहीच नाही, पोटात बहुतेक वेळा ताकातली पातळ कण्हेरी. पण पोरगी अशी गोड, की रस्त्यात मुंगी दिसली तरी वळसा घालून जाणारी.

आणि तिचा भाऊ मल्हू. कालपरवापर्यंत मल्हू अगदी शहाणा होता. ठेवला तिथे पडून राहायचा, स्वतःचा अंगठा चोखायचा, छपराकडे बघून खुदकन हसायचा. एके सकाळी त्याच्या मनात काय आलं कोण जाणे! त्यानं ढुंगण वर केलं, जरासा पुढेमागे डोलला, आणि निघाली की स्वारी!

कुठे निघाली? सरळ सुगडांत. एकावर हात, पच्च! दुसऱ्यावर गुडघा, फच्च! तिसरं उचलून तोंडात.

"अगं बाई, धरा त्याला!" आई ओरडली. तोवर आख्खी रांग चपटी झाली होती आणि मल्हू मातीनं माखलेले दोन इवले इवले दात दाखवून हसत होता.

मग काय विचारता! आईनं त्याला जुन्या लुगड्याच्या पदरानं खाटेला बांधून पाहिलं. त्यानं असा टाहो फोडला, की तिनंच रडत रडत गाठ सोडली. पाटीत बसवलं, तर पाटी उलटी करून हा बाहेर. तुळजा दिवसभर त्याच्यामागे धावायची, पण ती एका पायातलं वाळं धरेपर्यंत दुसरा पाय सुगडात गेलेला असायचा. संक्रांत जवळ जवळ येत होती आणि रांगा कमी कमी होत होत्या. सुगडं विकली तरच त्या घरात ज्वारी यायची.

एक दिवस आबा जेवता जेवता थांबले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले.

"बायजाला निरोप धाडलाय. उद्या सकाळी येईल ती. पोरगं चालायला लागेस्तोवर राहू दे तिच्याकडे."

बायजा म्हणजे तुळजाची मावशी. ती राहायची घाटापलीकडे, पार लांब. आईनं तोंड चुलीकडे फिरवलं. तुळजानं हातातला घास परत ताटात ठेवला.

"आबा, मी सांभाळते ना त्याला! नका ना पाठवू!"

"तू तरी किती पळशील गं, बाय माझी? सुगडं नाहीत तर खायचं काय?"

आबांवर रागावू नका कुणी. त्यांच्या मनात काय होत होतं ते त्यांनाच ठाऊक.

तुळजानं मल्हूला कडेवर घेतलं, एका हातात माती आणायची पाटी घेतली, आणि ती आमराईपलीकडच्या तळ्यावर गेली. काय सुंदर तळं होतं ते! गुलाबी गुलाबी कमळं, त्यांवर निळे चतुर, काठाला पिवळ्याजर्द फुलपाखरांची नुसती झुंबड. पण तुळजाला काहीच दिसत नव्हतं. ती काठावर बसली, मल्हूच्या टोपऱ्यात तोंड खुपसलं आणि मुसमुसून रडली.

"अगं, तुझं रडणं झालं की इकडे बघशील का जरा?" कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं.

तुळजानं पाहिलं. काठच्या चिकणमातीत एक परी अडकली होती! बोटाएवढी परी. शेवंतीच्या पाकळ्यांचा झगा, नाकात दवबिंदूची चमकी, आणि मोरपिशी रंगाचे दोन्ही पंख मातीत रुतलेले.

"कमळाला टेकायला गेले आणि घसरले," परी लाजत म्हणाली. "ओढ ना मला पटकन!"

"छे, छे! ओढलं की पंख फाटतील," तुळजा म्हणाली. "चिकणमाती अशी सुटत नसते. ती भिजवावी लागते."

तिनं ओंजळीतून पाणी आणलं आणि पंखांच्या कडेकडेनं थेंब थेंब सोडलं. पुन्हा आणलं, पुन्हा सोडलं. परी सारखी कुरकुरत होती. "लवकर गं! गुदगुल्या होतात गं!"

"गप्प बसा हो परीबाई. हललात तर मला दिसत नाही."

माती मऊ झाली, सैल झाली, आणि सुळ्ळकन पंख सुटले! परी वर उडाली, तिनं अंग झटकलं, आणि रुपेरी, सोनेरी, जांभळी चमचम तळ्यावर सांडली. मल्हूनं टाळ्या पिटल्या.

"किती हलक्या हाताची आहेस गं तू!" परी म्हणाली. "चल, तुला दोन इच्छा दिल्या. पण नियम ऐक. स्वतःसाठी काही मागायचं नाही. तू मागशील तेच होईल, त्याच्यापुढचं तुझं तू बघायचं. आणि दुसरी इच्छा आज सूर्य बुडायच्या आत मागायची. मागशील?"

तुळजानं क्षणभरही विचार केला नाही. करायला हवा होता, पण तुमच्या-माझ्यासारखीच ती. "माझा मल्हू ठेवला तिथे बसून राहू दे!" ती म्हणाली.

झुण्ण! मल्हूच्या गुडघ्यांभोवती एक निळी ठिणगी फिरली आणि विझली.

घरी आल्यावर तुळजानं त्याला सुगडांच्या अगदी मधोमध ठेवलं. मल्हू बसला. बसला तो बसलाच! आई बघतच राहिली. आबांचं चाक गरागरा फिरलं, नव्या सुगडांच्या रांगा लागल्या, आणि एकालाही धक्का नाही.

"काय गुणाचं झालं गं माझं लेकरू!" आई म्हणाली.

"उगीच निरोप धाडला मी," आबा हसून म्हणाले. "बायजा आली की तिला पोटभर जेवू घालू आणि परत पाठवू."

तुळजा आनंदानं गिरकीच घेणार होती, पण आजूबाजूला सुगडं होती म्हणून जागच्या जागी उडी मारली. जिंकली होती ना ती!

पण दुपारी मांजर आलं. त्यानं मल्हूच्या अगदी नाकासमोरून शेपटी फिरवली. मल्हू तिच्यामागे रांगला नाही. तुळजानं खुळखुळा वाजवून पुढे धरला. मल्हू पुढे सरकला नाही. त्याच्या पायातली वाळी दिवसभर वाजली नाहीत. घर कसं गप्प गप्प झालं.

आणि दिवस कलला तेव्हा आबांनी हात धुतले, रोजच्यासारखे ते दारात उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. "ये रे माझ्या राजा!"

रोज या हाकेला मल्हू चित्कारत सुटायचा. आज त्यानं आबांकडे पाहिलं, त्याचे ओठ थरथरले, डोळ्यांत टपोरं पाणी आलं. यायचं होतं हो त्याला! पण गुडघे हलेनात.

"दमलं असेल," आबा म्हणाले, आणि हात आवरून उठले.

तुळजा झटकन उठली. "मी काय करून बसले!" तिनं मल्हूला उचललं आणि पळत सुटली. आमराईत ठेचकाळली, उठली, पुन्हा पळाली. तळ्यापलीकडे लालभडक सूर्य डोंगराला टेकला होता.

"परीबाई! दुसरी इच्छा! माझ्या मल्हूचं रांगणं परत द्या!"

परी कमळात पाय हलवत बसली होती. "नीट विचार कर हं," ती हळुवार म्हणाली. "पुन्हा सुगडं फुटतील. मावशी उद्या येतेय. त्यापेक्षा आबांसाठी असं सुगड माग, जे पडलं तरी फुटत नाही. मल्हू घरीच राहील, ज्वारीही येईल."

"पण मग तो असाच बसून राहणार?"

"असाच."

तुळजानं मल्हूचे गार पडलेले इवले गुडघे तळव्यांत धरले. "मग नको," ती म्हणाली. "मावशीकडे का होईना, रांगू दे त्याला. मला खूप रडू येईल. ते माझं मी बघीन."

परीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "दिलं," ती कशीबशी म्हणाली. त्याच क्षणी मल्हूनं झेप घेऊन तिचा पंखच पकडला!

सकाळी बायजामावशी आली. दारात उभी, खांद्याला झोळी. आईनं मल्हूला टोपरं घातलं, गालाला तीट लावली, आणि तिचे डोळे भरून वाहू लागले. रात्रीच्या जेवणाआधी त्यानं पुन्हा चार सुगडं चपटी केली होती, आता कोण काय बोलणार? आबा तर अंगणात चाकाशी जाऊन बसले, घराकडे पाठ करून. त्यांना ते बघवेना.

एवढ्यात मल्हूला आबांची पाठ दिसली. आईच्या मांडीवरून तो सळ्ळकन घसरला आणि निघाला! त्याच्या आणि दाराच्या मधे रांगाच रांगा, सगळ्या ओल्या. तुळजानं डोळे घट्ट मिटले.

पच्च नाही. फच्च नाही.

तिनं एक डोळा उघडला. काय बघते, मल्हूच्या पुढचं सुगड आपलं गोल बूड उचलून बाजूला सरकलं! मग त्याच्या शेजारचं. मग सगळी रांग टुणटुण, टुणटुण उड्या मारत दुभंगली. थोरली सुगडं धाकट्यांना ढकलून आत घेत होती, एक झोपाळू सुगड उशिरा जागं झालं आणि धडपडत पळालं. आणि मधून रुंद, मोकळी वाट! त्या वाटेनं मल्हूमहाराज चालले, ढुंगण वर, मान ताठ, वाळी छुमछुम, छुमछुम!

"अगो बया!" मावशीची झोळी गळून पडली.

मल्हू उंबऱ्याशी पोचला. आजवर कधी त्यानं तो ओलांडला नव्हता. त्यानं एक हात पलीकडे टाकला, पोट टेकवलं, धाप टाकली, आणि हुप्प! पलीकडे!

त्या गावात लेकरानं पहिल्यांदा उंबरा ओलांडला की उंबऱ्यावर गूळ ठेवून सगळ्यांना वाटायची रीत होती. "गूळ आणा गं, गूळ!" मावशीच आधी ओरडली. "लेकरानं उंबरा ओलांडला!"

तुळजानं वर पाहिलं. दाराच्या चौकटीवर परी बसली होती, सूर्यकिरणांत लखलखत.

"परीबाई, हे तर मी मागितलंच नव्हतं!" तुळजा पुटपुटली.

"तुझं तू मागितलंस. हे माझ्या मनातलं," परी हसली. तिच्या पंखांतून केशरी, हिरवा, मोरपिशी उजेड फुलला, तो अख्ख्या घरभर पसरला, प्रत्येक सुगडाच्या काठाला सोन्याची रेघ ओढून गेला, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली.

आणि मल्हू? तो कशाला थांबतोय! अंगण ओलांडून तो आबांच्या पाठीशी आला, मांडीवर चढला. चाकावर एक नवंकोरं सुगड फिरत होतं. ते बिचारं चाकाला चिकटलेलं, ते कुठे पळणार? मल्हूनं हात वर केला.

फच्च!

आबांच्या नाकावर चिखल, मिशीवर चिखल. त्यांनी मल्हूकडे पाहिलं. मग पोट धरधरून हसले, आणि हसता हसता रडले, आणि चिखलाच्या हातांनीच त्यांनी त्याला उंच उंच उचललं.

"मोड, माझ्या राजा, मोड! मी दुसरं घडवीन!" ते म्हणाले. "बोला, मावशीकडे कोण जातंय?"

"कुण्णी नाही!" तुळजा इतक्या जोरात ओरडली, की आमराईतले सगळे पोपट एकदम उडाले.