गोलीचा अतिरिक्त कार्यभार

एक होतं रान. रानाला राजा होता, राजाला प्रजा होती, आणि आपण या राजाला निवडून दिलं आहे असं प्रजेला दर पाच वर्षांनी कळवण्यात येई.

रानाचं नाव बाभूळबन. राजा होता तरस. तरस स्वतः सहसा शिकार करत नाही, दुसऱ्याने केलेल्या शिकारीचं उद्घाटन करतो. त्यामुळे राज्यकारभाराला तो सोयीचा पडतो. प्रधान होती घोरपड. एकदा चिकटलं की सुटायचं नाही, एवढंच तिचं शिक्षण. पण ते पुरलं. राजे आले, गेले, घोरपड तीच.

बाभूळबन आणि पलीकडचं सागबन यांच्या मधोमध एक तळं होतं. पूर्वी त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. मग दोन्हीकडच्या शहाण्यांनी ठरवलं, रक्त सांडण्यापेक्षा घाम सांडावा. दर फाल्गुनात फुटबॉलचा सामना व्हायचा. जिंकेल त्याचं तळं, पुढच्या पावसापर्यंत. हरेल त्याने आपल्या डबक्यात तोंड बघावं.

बाभूळबन बरीच वर्षं डबक्यात तोंड बघत होतं.

याचं कारण शोधायला समित्या नेमल्या होत्या. खरं तर कारण मैदानाच्या टोकाला, दोन बांबूंच्या मधे उभं होतं. म्हणजे तिथे कुणीच उभं नव्हतं. पूर्वी तिथे एक गवा गोली म्हणून, म्हणजे गोल अडवायला, असायचा. पण आपल्या बाजूने गोल केला की हार मोराला, आणि आपल्यावर गोल झाला की शिव्या गव्याला, असा व्यवहार कुठल्याच धंद्यात फार दिवस चालत नाही. गवा एक दिवस निघून गेला आणि सुखाने चरू लागला. जागा रिकामी ठेवणं बरं दिसेना, म्हणून गोलीचा अतिरिक्त कार्यभार रंगराव मोराकडे देण्यात आला. रंगराव आघाडीला खेळायचा. मैदानाच्या एका टोकाला त्याचा पिसारा आणि दुसऱ्या टोकाला त्याचा कार्यभार. मधलं अंतर तेवढं सोडलं, तर व्यवस्था चोख होती.

आता उचलीचं सांगतो. दरवर्षी सामन्याआधी आजूबाजूच्या डोंगरांतले मोकळे खेळाडू माळावर येऊन उभे राहत, आणि संघ त्यांतले आपल्याला हवे ते उचलत. हीच उचल. जो संघ आदल्या वर्षी हरला असेल, त्याची पहिली उचल. दुबळ्याला चांगला गडी मिळावा, असा यामागचा जुना विचार. त्यामुळे पहिल्या उचलीवर बाभूळबनाची जवळजवळ वंशपरंपरागत मालकी झाली होती, आणि महाराज तरस ही गोष्ट सभांमधून अभिमानाने सांगत.

तर त्या वर्षीच्या उचलीची सभा भरली. विषय एकच : पहिली उचल कुठल्या जागेसाठी करायची?

रंगराव मोर आधी उठला. "आघाडीसाठी. दुसरा विचारच नको. गोल अडवणाऱ्याची मिरवणूक निघालेली बघितलीय का कुणी? लोकांना गोल दिसतो. न झालेला गोल कुणाला दिसतो?"

रानडुकरांचा म्होरक्या गुरगुरला, "डावा बचाव आमच्या कळपाला पाहिजे."

"खेळणार कोण?" घोरपडीने विचारलं.

"खेळायचं नंतर बघू. आधी जागा आमच्या नावावर करा. उजवी बाजू सशांना दिली तेव्हा आम्ही काही बोललो का?"

"बोलला होतात," ससे म्हणाले. "आमची बिळं उकरली होती."

"ते बोलणं नव्हे, निवेदन होतं."

घोरपडीने सगळ्यांना शांत केलं. जागा अकराच आहेत पण मनं फार आहेत, तेव्हा काही नव्या जागा निर्माण कराव्या, असं तिने सुचवलं. उपआघाडीवीर, सहबचावपटू, मध्यफळीचे मार्गदर्शक, आणि नाराजांसाठी नुसतेच कर्णधार. टाळ्या पडल्या. बघता बघता रानात कर्णधार इतके झाले, की चेंडूला लाथ मारण्याआधी कुणाची परवानगी घ्यायची हे कुणालाच सांगता येईना.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, गोली घ्या की."

ही हौसाबाई पाणमांजर. तिचं बिऱ्हाड तळ्याच्या काठावर असायचं. तळं हातचं गेलं की पिल्लांना घेऊन डबक्याकडे निघावं लागे. गेल्या उन्हाळ्यात ती चार पिल्लं घेऊन डबक्याकडे गेली होती आणि तीन घेऊन परतली होती. त्यामुळे फुटबॉलकडे ती खेळ म्हणून बघत नव्हती.

"ते बघा, डोंगरातलं अस्वल माळावर उभं आहे," ती म्हणाली. "हात लांब, छाती रुंद. बांबूत नुसतं बसलं तरी निम्मी फट बुजेल."

सभेत चुळबुळ झाली, कारण म्हणणं सरळ होतं. सरळ म्हणणं आलं की महाराजांना उठावं लागे. ते उठले.

"बंधूंनो आणि भगिनींनो! गोली कुणाला लागतो? ज्याला आपल्यावर गोल होईल अशी भीती आहे, त्याला. आपल्यावर गोल होतील, असं कोण म्हणतं? सागबन म्हणतं! आणि आज आपल्यातलीच एक बाई तेच म्हणते. मी आरोप करत नाही. मी फक्त योगायोग दाखवतो. अरे, ज्या रानाचा आपल्या पायांवर विश्वास आहे, त्याला हातवाला कशाला हवा? ना गोली—"

"—ना भीती!" सभा ओरडली. ससे सगळ्यांत मोठ्याने ओरडले. ते रानात सर्वांत भित्रे, म्हणून ही घोषणा त्यांना फार आवडली.

"भीती नाही, मला तहान आहे," हौसाबाई म्हणाली. पण ते न झालेल्या गोलासारखंच कुणाला दिसलं नाही.

मग घोरपडीने महाराजांच्या कानात काहीतरी सांगितलं. महाराज हसले. तरस तसाही हसतोच, पण या वेळी कारण होतं.

"पहिली उचल," घोरपडीने जाहीर केलं, "सर्जेराव रोही!"

सगळं रान उभं राहिलं. सर्जेराव रोही म्हणजे नीलगायींच्या कुळातला, सागबनाचा आघाडीवीर. बाभूळबनावर आजवर झालेले गोल याच्याच खुराचे. गेल्याच महिन्यात चौकात त्याचा गवताचा पुतळा जाळला होता, आणि काडी लावायचा मान रंगराव मोराला मिळाला होता. बाभूळबनाचं राखीव कुरण एका रात्रीत फस्त केल्याबद्दल त्याची चौकशीही चालू होती. तो सर्जेराव माळावर, गळ्यात बाभळीच्या पिवळ्या फुलांची माळ घालून उभा होता.

"मला सागबनात गुदमरायला होत होतं," तो म्हणाला. "तिथे माझ्या खुरांचा मान राहिला नव्हता. मी इथे काही मागायला आलो नाही. जे ठरलंय ते मिळालं की झालं."

रंगरावाने पुढे होऊन त्याला मिठी मारली. ज्या पंखाने पुतळ्याला काडी लावली होती तोच पंख वापरला, म्हणजे काटकसरही झाली. चौकशीचा निकाल तिथेच वाचून दाखवण्यात आला : राखीव कुरण मुळात राखीव नव्हतं, आणि बारकाईने पाहता ते कुरणही नव्हतं.

"गोल अडवत बसण्यापेक्षा गोल मारणाराच आपला करून घेतला!" महाराज म्हणाले. "याला म्हणतात बचाव!"

हौसाबाई सर्जेरावाजवळ गेली. "पाहुणं, एक विचारू? तुम्ही इतकी वर्षं आमच्याच बांबूंत चेंडू मारलात. आता दुसऱ्या बाजूला मारायला जमेल का?"

सर्जेरावाने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. "बाई, माझं धोरण एकच. समोर दिसतील त्या बांबूंत मारायचा. बाजूबिजू मी मानत नाही."

डोंगरातलं अस्वल थोडा वेळ वाट बघून मधाच्या शोधात निघून गेलं.

सामन्याचा दिवस उजाडला. पंच होता बगळा; एका पायावर उभा राहणारा, म्हणून तटस्थ. बाभूळबनाचे कर्णधार मैदानात मावेनात, म्हणून निम्मे बांधावर बसवले. शिट्टी झाली. चेंडू सर्जेरावाकडे आला. सवयीने की ठरवून हे त्याचं त्यालाच ठाऊक, पण तो गर्रकन वळला, बाभूळबनाच्याच रिकाम्या बांबूंकडे धावला आणि चेंडू आत हाणला.

सागबनाचे खेळाडूसुद्धा शिष्टाचार म्हणून गप्प राहिले.

घोरपड उठली. "गोल कुणी मारला?"

"सर्जेरावांनी," कुणीतरी पुटपुटलं.

"सर्जेराव कुणाचे?"

"आपले."

"मग गोल कुणाचा?"

रानाला हिशेब करायला वेळ लागतो, आणि तो करून देणारं कुणी असलं की लागत नाही. "आपला!" ससे ओरडले आणि ढोल वाजू लागले. रंगरावाने पिसारा फुलवला. रानाची वार्ताहर टिटवी घिरट्या घालत कोकलत सुटली, "पहिला गोल बाभूळबनाचा! सागबनाला अजून खातं उघडता आलेलं नाही!"

बगळ्याने मात्र गोल सागबनाच्या नावावर मांडला. पंच विकला गेला आहे, हे टिटवीने पुढच्याच घिरटीत सांगितलं. मध्यंतरापर्यंत सर्जेरावाने असे आणखी दोन हाणले. सागबनाचा गोली बांबूला टेकून झोपला होता.

मध्यंतरानंतर सर्जेराव पुन्हा निघाला. हौसाबाई बांधावर तीन पिल्लांना कुशीत घेऊन बसली होती. धाकट्याने तळ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. तिने धाकटी दोन थोरलीच्या हवाली केली, बांधावरून सुरकन खाली उतरली आणि बांबूंच्या मधे जाऊन उभी राहिली. सर्जेरावाची लाथ बसली. हौसाबाईने अंग झोकून दिलं आणि चेंडू छातीशी धरला.

मैदानाच्या त्या टोकाला बऱ्याच वर्षांनी कुणी काहीतरी केलं होतं.

"अहो बाई, सोडा तो!" डावा बचाव नावावर असलेलं रानडुक्कर ओरडलं. "आपल्याच माणसाचा आहे!"

तिने सोडला नाही. पुढचेही चेंडू सोडले नाहीत. गुडघे फुटले, मिशा मातीने माखल्या, तरी एकही आत जाऊ दिला नाही. पण आधीचे तीन गेले ते गेलेच, आणि पलीकडे गोल करायला कुणी गेलंच नव्हतं. आघाडीची सगळी मंडळी आपल्याच बांबूंसमोर सर्जेरावाला प्रोत्साहन देत होती.

बगळ्याने सागबन जिंकल्याचं सांगितलं. बाभूळबनाने आपण जिंकल्याचं सांगितलं आणि मिरवणूक काढली. "सामन्यातले सगळे गोल आपल्या खेळाडूने मारले," टिटवी सांगत होती, "शत्रूला एकही मारता आला नाही!" यात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी जनावरं तळ्यावर गेली, तर काठावर सागबनाचे पहारेकरी. परत येऊन त्यांनी घोरपडीला विचारलं, "प्रधानबाई, आपण जिंकलो ना?"

"प्रचंड."

"मग पाणी?"

"विजय आणि पाणी ही वेगवेगळी खाती आहेत," घोरपड म्हणाली. "विजयाचं खातं महाराजांकडे आहे. पाण्याचं कुणाकडे आहे ते तपासून कळवू. तोवर तहान लागली असं मोठ्याने म्हणू नका. निकालावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं."

"आणि पुढच्या वर्षीची पहिली उचल?" रंगरावाने काळजीने विचारलं. "जिंकलेल्याला ती मिळत नाही."

"जनतेसाठी आपण पहिले आलो. उचलीसाठी शेवटचे. अर्ज गेला आहे."

मग हौसाबाईवर खटला चालला. महाराज न्यायासनावर होते.

"बाभूळबनाच्या खेळाडूने मारलेला चेंडू तुम्ही अडवलात?" घोरपडीने विचारलं.

"अडवला."

"अडवला नसता तर काय झालं असतं?"

"गोल."

"कुणाच्या खेळाडूचा?"

"तुमच्या."

"म्हणजे विजय आणखी मोठा झाला असता, तो तुम्ही लहान केलात. शिवाय गोलीचा अतिरिक्त कार्यभार रंगरावांकडे असताना तो बळकावलात."

"मी कुठे अडवला असता," रंगराव दुखावल्या आवाजात म्हणाला, "पण अडवण्याचा अधिकार माझा होता."

"सरकार," हौसाबाई म्हणाली, "माझी तीन पोरं आहेत. पाणी नसलं तर त्यांतली किती राहतील ते मला माहीत आहे. शिक्षा काय ती लवकर सांगा."

महाराजांनी शिक्षा फर्मावली : रानद्रोहाबद्दल तडीपार. आजच्या आज, पोराबाळांसह, बाभूळबनाची हद्द सोडायची.

आता बाभूळबनाच्या हद्दीपलीकडे तळं लागतं. हौसाबाई हद्दीवर गेली, तशी सागबनाच्या पहारेकऱ्यांनी तिला ओळखलं. "कालची गोली ना तुम्ही? या बाई, आमच्याकडे अडवणाऱ्याला पाणी विचारायची पद्धत आहे." तिन्ही पिल्लं पाण्यात शिरली ती बराच वेळ वर आली नाहीत. आली तेव्हा सगळ्यात धाकट्याच्या तोंडात मासा होता.

बाभूळबनातून हे सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायासनासमोर रांग लागली. सगळ्यांत पुढे ससे. "महाराज, आम्हीही चेंडू अडवायचा विचार केला होता," ते म्हणाले. "मनातल्या मनात. पण गुन्हा तो गुन्हाच." त्यांच्यामागे चितळं होती, त्यांनी सागबनाच्या दिशेने बघून सुस्कारा सोडला होता. रानडुकरांचा म्होरक्या तर कळपाच्या संख्येप्रमाणे रानद्रोहाच्या जागा मागत होता. रांग बाभळींना वळसा घालून पार डबक्यापर्यंत गेली होती, आणि डबक्यात आता फक्त चिखल होता.

महाराज बाहेर आले. एवढा समुदाय पाहून त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी खूण केली. सेवकाने गार पाण्याचा काठोकाठ भरलेला तांब्या पुढे केला. पाणी कुठल्या तळ्याचं, हे रांगेतल्या कुणी विचारलं नाही. महाराजांनी घसा ओला केला आणि भाषणाला सुरुवात केली.