गंजीच्या खांबावरची खूण

एका जंगलाच्या कडेला सशांचा मळा होता आणि त्याचा सगळा कारभार एका म्हाताऱ्या सशाकडे होता. विहिरीवरचा रहाट एक बैल ओढत असे. बैल फिरला की रहाट फिरे आणि पाटात पाणी येई. ज्वारी निघाली की बैलाच्या उन्हाळ्यासाठी कडब्याची गंजी रचायची, ती मधल्या खांबावरच्या खुणेला टेकली की हात झटकून मोकळे व्हायचे, अशी तिथली रीत. ती खूण सशाच्या आजोबांनी दातांनी कोरलेली होती. तिच्याकडे पाहताना त्याचे कान अभिमानाने ताठ होत.

त्या वर्षी मळ्यात पिल्लांचा सुकाळ झाला. सशांच्या घरी दुसरे काय होणार म्हणा! इतक्या तोंडांना पुरावे म्हणून सशाने ओढ्यापलीकडचा माळ फोडला आणि तिथेही उन्हाळी काकडी लावायचे ठरवले. गंजी मात्र खुणेपाशीच थांबवली. उरलेल्या कडब्याच्या घरोघरी मऊ गाद्या झाल्या. बैल म्हणाला, "ससोबा, माळालाही पाणी मलाच द्यायचंय ना? मग गंजी थोडी वाढवा की." ससा हसला. "अरे, आजवर कधी कमी पडलं का? उगाच घोर लावून घेऊ नकोस."

उन्हाळा तापला. विहिरीचे पाणी खोल गेले, रहाट जड झाला, आणि जुना मळा भिजवून झाला की बैलाला माळासाठी पुन्हा फिरावे लागे. जास्त राबायचे तर जास्त खायलाही हवे. गंजी भराभर बसत गेली आणि वैशाखातच खांब बुडख्यापर्यंत उघडा पडला. अर्धपोटी बैल थांबत थांबत फिरू लागला. कळ्या धरलेल्या वेलांनी माना टाकल्या. ससा खिन्न होऊन घरी आला, तर पिल्ले गादीवर उड्या मारत होती. वेलांचे पाणी आपण घरात अंथरून ठेवले आहे, हे त्याला तेव्हा कळले.

त्याने आधी स्वतःची गादी उचलली आणि बैलापुढे टाकली. "माझं चुकलं," तो म्हणाला. "मळा वाढवला, पण तुझा घास वाढवायचं सुचलं नाही." मागोमाग घरोघरच्या गाद्या आल्या. "सशांचा वास येतोय जरा," बैल म्हणाला आणि निवांत खात राहिला. कडेच्या ओळी गेल्या, पण बाकीचा माळ वाचला. त्या उन्हाळ्यात ससे उघड्या जमिनीवर निजले, पण काकड्या खाऊन पोटभर निजले.

पुढच्या वर्षी गंजी रचण्याआधी ससा बैलाला घेऊन सगळे रान फिरला. कुठे काय लावायचे ते त्याने ठरवले, विहिरीत डोकावला, आणि मगच कडबा रचायला घेतला. जुनी खूण गंजीत पार बुडून गेली. कुणीतरी म्हणाले, "आता वर नवी खूण कोरू या." ससा म्हणाला, "नको. पुढच्या वर्षी पुन्हा रान फिरू."

तात्पर्य : पुढच्या हंगामाला किती बळ लागेल, हे मागच्या गंजीला नव्हे, पुढच्या शेताला विचारावे.