शेजारच्या मशीनची घंटा

“पण सर, यात माझं चुकतंय कुठं?”

दिगंबर बारबोले पुन्हा तेच विचारत होता. मुजावर सर टाइपरायटरच्या रिबनचा गुंता सोडवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

बार्शीत सरांचं हे टायपिंग इन्स्टिट्यूट. आता इथं सगळे कॉम्प्युटर आलेत, ते मी सांभाळते. जुनी दोन मशीनं सरांनी भिंतीशी ठेवलीत, विकू देत नाहीत. दिगंबर आणि मी एकाच बॅचचे. तो अमेरिकेला गेला, मी इथंच राहिले. तो आला की सर कपबशीत चहा मागवतात, मला आजवर ग्लासातच मिळालाय. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं सगळं कोण सांगतंय ते तुमच्या ध्यानात राहील.

“बोल की,” सर म्हणाले. “ऐकतोय मी.”

“तिकडं काय हाल काढलेत ते तुम्हाला माहितीये. तळघरातली खोली, दोघांत एक कोट. थंडीत एकानं बाहेर जायचं, दुसऱ्यानं घरात बसायचं. त्यातून कंपनी उभी केली. नाव झालं.”

“झालं.”

“मग एकदा मुलीच्या शाळेत गेलो. चौथीतली पोरं प्रोग्रॅम लिहीत होती, खिदळत, एकमेकांना ढकलत. मला आपली शाळा आठवली आणि झोपच उडाली माझी. सगळं विकून इकडं आलो. शाळेत कॉम्प्युटर शिकवा म्हणून दारोदार फिरलो. या तालुक्यात माझ्याआधी कुणी हा विषय तरी काढला होता का?”

“नाही काढला.”

“शिक्षकांचं पहिलं शिबिर मी घेतलं. ही सिंधू ढाळे त्यात मागच्या बाकावर बसलेली. वाडीवरच्या शाळेतली बाई. तिला सगळं मी शिकवलं, सर. मी!”

“आणि आता?”

“आता माझा अभ्यासक्रम शाळांच्या कपाटात पडून आहे, आणि तिचा शिक्षक मागून मागून नेतात. पोरं तिला कॉम्प्युटरबाई म्हणतात. मला काय म्हणतात माहितीये? अमेरिकावाले काका.”

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला.

“मग अडलंय कुठं?” सरांनी विचारलं.

“राज्याच्या समितीपुढं तिचा अभ्यासक्रम आलाय. तज्ज्ञ म्हणून मी आहे. उद्या पुण्याला बैठक. माझी सही झाली तर जूनपासून सगळ्या शाळांत तिचंच शिकवतील. उद्या नाही झाली तर वर्ष गेलं.”

“आणि तू नाहीच म्हणालास तर?”

“तर… विषय संपला.”

सरांच्या हातातली रिबन थांबली.

“पण मी उगीच ‘नाही’ म्हणत नाहीये,” दिगंबर घाईघाईनं म्हणाला. “ती अंगणात खडूनं चौकोन आखते. एक पोरगं मशीन होतं, बाकीचे त्याला हुकूम सोडतात. दोन पावलं पुढं हो, उजवीकडं वळ. ते जाऊन लिंबाच्या झाडावर आदळतं, की सगळे हसतात. कॉम्प्युटरला हात लागतो तो अर्धं वर्ष सरल्यावर. याला काय शास्त्र म्हणायचं? तुम्हीच सांगा.”

तो सल्ला विचारायला आलाच नव्हता. त्याला सरांची मान हललेली हवी होती. ती हलली असती तर गडी निवांत पुण्याला जाऊन त्या बाईच्या कामावर फुली मारून आला असता.

सर म्हणाले, “कागद आणलेत तिचे?”

त्यानं बॅगेतून काढून दिले. सरांनी वरची दोन पानं घेतली. एक पहिल्या मशीनशी ठेवलं, एक दुसऱ्याशी.

“बस.”

“मी?”

“तूच. पमे, तू पण बस.”

मी का? पण सरांना का विचारायची सोय नाही. बसले.

सरांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दिगंबरच्या हातांवर टाकला. बोटं दिसू नयेत म्हणून पूर्वी आम्हा सगळ्यांच्या हातांवर असाच टाकायचे. माझ्यासाठी त्यांनी भिंतीवरचा पंचा घेतला.

“समोरचं पान टाइप करा. चूक नको.”

सुरू झालो. दिगंबर पहिल्यांदा अडखळला, मग त्याची बोटं लागली. मला नको वाटत असूनही ऐकू येत होतं. त्याची ओळ संपली, घंटा वाजली. मी अजून ओळीच्या मध्यात!

म्हटलं, अरे वा. रोज इथं मी बसते आणि हा विमानातून उतरलेला माणूस माझ्यापुढं जाणार होय? मी बोटं पळवली. माझी घंटा वाजली. लगेच त्यानं वेग वाढवला. त्याची वाजली, माझी वाजली, पुन्हा माझी वाजली. मला असा काही चेव आला म्हणता! आणि एकदम शेजारून कडकड आवाज येऊन सगळं थांबलं.

त्याच्या मशीनच्या अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकून उभ्या राहिल्या होत्या. टॉवेल खाली पडला होता.

सरांनी एकेक दांडी बोटानं सोडवली. बोट काळं झालं. मग कागद ओढून घेतला आणि उजेडाकडं धरला.

“वरच्या ओळी स्वच्छ आहेत. इथं पमीची घंटा वाजली.” त्यांनी त्या जागेवर बोट ठेवलं. “इथून पुढं तू समोरचं पान सोडलंस.”

दिगंबर कागदाकडं बघत राहिला. मी गालातल्या गालात हसले. तेवढ्यात सर माझ्याकडं वळले, माझा कागद काढला.

“तुझं काही वेगळं नाही, पमे.”

गेलं हसू. एकेका शब्दाची पार वाट लागली होती.



“पान कसं आहे?” सरांनी विचारलं.

“बिघडलं, सर. दिसतंयच की.”

“तू टाइप केलेलं नाही. तिनं लिहिलेलं.”

 दिगंबरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“चांगलं आहे.”

“किती?”

“…मला सुचायला हवं होतं, इतकं.”

आणि मग त्याचा बांध फुटला. “मी जळतोय, सर! पेपरात तिचा फोटो दिसला की पान उलटतो. माझ्या हाताखालून गेलेली बाई! सगळं सोडून मी यायचं, दारोदार मी फिरायचं, आणि नाव तिचं. स्वतःची लाज वाटते, पण काय करू? जळतोय मी.”

सर त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसले. गुडघे दुखतात त्यांचे, सावकाश बसले.

“तुझा वेग माझ्या पुढं गेला, तो दिवस आठवतो?”

“आठवतो की. तुम्ही सगळ्या वर्गाला पेढे वाटलेत.”

“वाटले. घरी गेलो. जेवण गेलं नाही. बेगम विचारायला लागली, ताप आहे का.”

दिगंबरला कळायला वेळ लागला. मलाही लागला.

“तुम्हाला? माझा हेवा?”

“तुझा.”

“पण तुम्ही… मग काय केलंत तुम्ही?”

“परीक्षेसाठी तू पहाटेचा सराव मागितला होतास. नमाज झाली, आलो, तुझ्यासाठी कुलूप उघडलं.”

त्या पहाटेच्या सरावाला मला कुणी बोलावलं नव्हतं. तेही माझ्या मनात आहेच, पण ते राहू दे.

 दिगंबर हळूच म्हणाला, “तो गेला कधी मग? तुमचा हेवा?”

“मागच्या महिन्यात टीव्हीवर तुझी मुलाखत लागली होती.”

“बघितलीत?”

“बंद केली.”

दिगंबर हसला. मीही हसले. सर हसले नाहीत. तेव्हा आम्ही दोघंही थांबलो.

त्यानं सिंधू ढाळेचे कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि बॅगेत नीट ठेवले. सरांच्या पाया पडला.

“कळलं, सर. नाही म्हणणार नाही मी. पण मन असं गढूळ असताना एवढ्या मोठ्या कामावर सही करणंही बरं नाही. उद्याची बैठक पुढं ढकलायला सांगतो. थोडे दिवस जाऊ देत. आतून शांत झालो, तिच्याबद्दल मनापासून बरं वाटलं, की करतो सही.”

सरांनी खाली पडलेला टॉवेल उचलला, झटकला.

“उद्याच कर. जळत जळत कर.”