परतीचं रिकामं विमान

दोष पुंडलिक सावे यांचाच. पण वडीलधाऱ्यांची ही जुनी खोड, माती स्वतः खायची आणि जाब आभाळाला विचारायचा.

"बाबा, जाताना ठासून भरलेलं विमान येताना रिकामं का येतं?"

विमानतळाच्या कुंपणापलीकडे दर्ग्याच्या ओट्यावर नूरशा फकीर ऊन खात बसला होता. मालाचे दलाल पुंडलिकराव त्याच्या शेजारी टेकले होते.

"माल चढवणारे तुम्ही, शेठ. मला काय विचारता?"

"इथून भेंडी जाते, कारली जातात, हापूस जातो. विमानाच्या पोटात बोट शिरायला जागा नसते. आणि आखातातून, दोह्याहून येताना नुसता वारा! भाडं निम्म्यावर आणलं, तरी तिकडून पाठवायला कुणाकडे काही नाही."

डोक्यावरून एक विमान उतरलं. मालाचा दलाल विमानाच्या पोटाकडे बघतो. पुंडलिकराव वरच्या खिडक्यांकडे बघत होते...

"लेक आली नाही अजून? केतकी?" फकिराने विचारलं.

"लग्न करून दोह्याला गेली ती गेलीच. दर मोसमाला आंब्याची पेटी धाडतो. साधा फोन नाही. एवढं देऊन लेक अशी वागते, बाबा..."

फकिराने त्यांनीच आणलेला शिऱ्याचा डबा रिकामा केला. धुतला, पुसला. मूठभर बत्तासे घालून पुढे केला.

पुंडलिकरावांनी बत्तासे त्याच्याच ताटलीत ओतले.

"राहू द्या. मी कुणाचं घेत नसतो. आपला हात देणाऱ्याचा."

"शेजारणीचं भांडंसुद्धा रिकामं परत करत नाहीत, शेठ. चिमूटभर साखर तरी घालतात."

"ते शेजारणीचं झालं."

"आणि पोरीने? कधीच काही पाठवलं नाही?"

"पाठवलं होतं. पहिल्याच वर्षी. खजुराचं खोकं." आवाज खाली आला. "मी आल्या विमानाने परत धाडलं. लेकीच्या घरचं खायचं नसतं, बाबा. आमच्यात रीत आहे."

"उघडून तरी पाहिलंत?"

"नाही."

दुसरं विमान उतरलं. मान पुन्हा वर गेली. खिडक्या एकेक करून सरकल्या, संपल्या. पुंडलिकरावांचा हात आपसूक ताटलीकडे गेला. एक बत्तासा उचलला. तोंडाशी नेला आणि तिथेच थांबला...

"खा," फकीर म्हणाला. "रीत राहिली, पुंडलिक. लेक गेली."