वानवळा

एका राज्यात बांध उरले नव्हते. मायाधर मांत्रिकाने एका फुंकरीत ते पुसले, घराघरांची शेते जोडून एकच शेत केले आणि त्यात सोनेरी धान्य पिकवले. कोठारे भरली, पण ते खाणाऱ्याची भूक भागेना. राणी मृगावतीची लेक तर ताटावरून उठतच नसे, आणि खाता खाता वाळत चालली होती.

राणीला या धान्याचा संशय होताच. तिने अंगणातल्या साळुंकीला विचारले, "तू हे दाणे का टिपत नाहीस?"

"राणीसाहेब, नव्या पिकाचा पहिला वाटा शेजारी जातो, त्याला वानवळा म्हणतात. या धान्याचा वानवळा कुणी धाडलेला ऐकलात? तीन घरी जुने बी लपलेले आहे. त्यांचा वानवळा मिळवून पेरा, शाप तुटेल."

पहिल्या घरी कोंडाईने दार बोटभरच उघडले.

"जप्तीला आलात?"

"वानवळा मागायला आले."

"मागून मिळतो तो जोगवा, बाईसाहेब!"

राणीने हातातले कंकण पुढे केले. कोंडाईने ज्वारी ओतली, पण विकत घेतलेल्या त्या ज्वारीची राणीच्या मुठीत राख झाली. राणीने पदर खोचला, कुदळ घेतली आणि कोंडाईचा बांध घालू लागली. दिवस कलला तेव्हा कोंडाईने आपण होऊन ओंजळभर ज्वारी तिच्या ओटीत टाकली.

दुसऱ्या घरीही असाच बांध घातल्यावर न मागता तूर मिळाली.

तिसऱ्या घरची म्हातारी मात्र दारातच हसत उभी होती. "घ्या हो मूग! वाडगे तेवढे रिकामे परत करा."

राणीचा हात थबकला. "वानवळ्याचे भांडे रिकामे परत मागणारी शेजारीण मी पाहिली नाही."

तिने मूग भुईवर ओतले; त्यांचे खडे झाले. वाडग्यात कोंडाईची थोडी ज्वारी घालून तिने ते पुढे केले. "घ्या, मावशी."

ज्वारी हाताला लागताच म्हातारीचा मायाधर झाला आणि मायाधराचा भुसा. उंबऱ्याचा दगड झालेली खरी म्हातारी अंग झाडत उठली.

"कोण गं तू? दमलेली दिसतेस," असे म्हणून तिने न मागता मूठभर मूग दिले.

राणीने ज्वारी पेरली. तिच्या ओळींत तूर आणि मूग पेरले. भुईतून बांध वर आले, ज्याचे शेत त्याला मिळाले. पीक सांजेला कापणीला आले. पहिली पाटी शेजारी गेली, मग राजवाड्यातली चूल पेटली.

अर्धी भाकर खाऊन लेक ताटावरच झोपी गेली. राणीने उरलेली अर्धी घेतली आणि कितीतरी दिवसांनी सावकाश चावून खाल्ली.

त्या राज्याची भूक भागली, तशी ऐकणाऱ्यांचीही भागो.