दांड्यापाशी पडलेला खळगा

व्हिडिओ गेमची लाकडी कपाटं गल्लोगल्ली गुरगुरायची, तो जमाना सरल्यावरची ही गोष्ट. असंच एक मळकं कपाट नवं करायला गेनू मिस्त्रीकडे आलं. धूळ पुसली, खिळे बदलले, तरी ते गप्प होतं. गेम खेळायच्या दांड्यापाशी पडलेल्या खळग्यावर पॉलिशपेपर टेकताच मात्र ते बोललं, "मिस्त्री, एवढा राहू द्या. एका पोराचा तळहात टेकून टेकून पडलाय. त्याला मी अजून धरून आहे."

"माझ्या हातून गेलेल्या लाकडात खोट राहत नाही," म्हणत मिस्त्रीने ते आरशासारखं गुळगुळीत केलं.

मग त्याचा डावा हात आपसूक तिथेच टेकला, आणि त्याला आठवलं, तो पोर आपणच. दचकून त्याने हात उचलला. तळव्यावर एकही रेषा उरली नव्हती.

कपाटाने अदबीने विचारलं, "आपण कोण?"